नेमोतोंनी निवडलेलं झाड

नंदिनीनं गुलाबी फीत खोडाभोवती फिरवली, छातीच्या उंचीवर गाठ मारली आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं. कात्री खिशात होती, पण हातमोजे काढून ती शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होत होतं. दोन पावलं मागं सरून तिनं झाडाकडे एकवार पाहिलं आणि ती पुढच्या झाडाकडे वळली.

त्सुकुबाच्या उत्तरेला, डोंगराच्या उतारावर दोरी लावून आखलेला तो तुकडा तिच्या वाट्याला आला होता. आत सगळी सुगीची झाडं. सुगी हे जपानचं सूचिपर्णी झाड, सरळसोट वाढणारं, पाच-सहा मजल्यांच्या इमारतीएवढं उंच. अशी रानंच्या रानं इथं माणसांनी हातानं लावलेली आहेत. लावताना दाट लावायची आणि मग काही वर्षांनी त्यातली थोडी काढून टाकायची, म्हणजे उरलेल्यांना उजेड आणि जागा मिळते. शेतात रोपांची विरळणी करतात, तशीच ही विरळणी. परीक्षाही तीच होती. आपल्या तुकड्यातली साधारण तिसरा हिस्सा झाडं उमेदवारानं निवडायची आणि त्यांना फीत बांधायची. फीत बांधलेलं झाड पाडलं जाणार. उमेदवार पास होवो की नापास, झाड पाडलं जाणारच.

“आमच्याकडे कागदावरची झाडं नसतात,” प्राध्यापक इसोबे यांनी सकाळी चौघा उमेदवारांना सांगितलं होतं. इसोबे-सेन्सेई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, डोक्यावर हेल्मेट असलं तरी वर्गात उभ्या असल्यासारख्या बोलणाऱ्या. “तुम्ही चुकलात तर ती चूक आडवी पडलेली दिसेल.”

जागा एकच होती. मिनेगिशी प्रतिष्ठान दरवर्षी एका उमेदवाराला वनशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची फी आणि राहण्याचा खर्च देई. बदल्यात पदवीनंतर पाच वर्षं उत्तरेकडच्या डोंगरातल्या वन सहकारी संस्थेत नोकरी करायची. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि नंदिनी ती कधीच ओलांडून गेली होती. विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी होत्या. मिनेगिशीच्या माहितीपत्रकात मात्र वयाबद्दल एक ओळही नव्हती. तिनं ते स्वतः वाचलं, मग मुलीकडून, आर्याकडून, वाचून घेतलं, आणि मग अर्ज भरला.

शिष्यवृत्ती मिळाली तर तिचा नवरा रणजित कंपनीकडे जपानमधली मुदत वाढवून मागणार होता. नाही मिळाली तर एप्रिलमध्ये सगळे पुण्याला परत. सिंहगड रोडचा फ्लॅट, आर्यासाठी नवं कॉलेज, आणि नंदिनीसाठी पुन्हा ज्युनिअर कॉलेजातल्या बायॉलॉजीच्या तासिका. त्यावरून घरात वाद नव्हता. फुनाबोरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर चिकटवलेलं कचऱ्याचं वेळापत्रक जितकं ठाम होतं, तितकंच हेही ठरलेलं होतं.

तिला ताण मात्र नव्हता. झाडं तिला कळत होती. पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केली तेव्हा पुस्तकातून कळत होती. गेली काही वर्षं दर शनिवारी त्सुकुबाजवळच्या एका राईत निवृत्त माणसांच्या गटाबरोबर काम करून ती हाताला कळायला लागली होती. आज तिचे हात डोक्याच्या पुढं धावत होते. वाकडं खोड, फीत. सालीवर अस्वलाच्या नखांसारखी उभी चीर, फीत. दोन चांगली झाडं एकमेकांच्या अंगावर आलेली, त्यातल्या एकाला फीत. वाऱ्याच्या तोंडावरचं एक वाकडं झाड तिनं मुद्दाम राखलं, कारण ते काढलं तर मागची सगळी वादळाला उघडी पडली असती.

वरच्या कोपऱ्यातल्या एका झाडाकडे तिनं फार वेळ पाहिलंच नाही. शेजाऱ्यांच्या निम्म्या जाडीचं खोड, बुंध्याला शेवाळ, खालच्या फांद्या वाळलेल्या. मागं राहिलेलं झाड. एक जुनं पडलेलं खोड नेच्यांखाली कुजत होतं, ते ओलांडून ती त्या झाडापाशी गेली, फीत बांधली आणि ते ओलांडूनच परत आली.

“काकू, तुमचं झालंसुद्धा?” दोरीपलीकडून मराठीत आवाज आला.

“काकू कोणाला म्हणतोस?”

“सॉरी. मॅडम.”

“मॅडम तर नकोच. तो शब्द ऐकला की मला पेपर तपासायला बसावंसं वाटतं. ताई म्हण.”

“मग ताई, थोडी फीत द्या ना. माझी संपली.”

“संपली म्हणजे जास्त बांधलीस.”

“किंवा तुम्ही कमी,” सौमित्र म्हणाला आणि दोरीवरून हात पुढं केला.

सौमित्र सव्वीस वर्षांचा होता. दापोलीच्या कॉलेजातून वनशास्त्राची पदवी घेऊन क्योतोला आलेला. तिथं वर्षभर तो एका प्रयोगशाळेत नुसता संशोधक विद्यार्थी म्हणून बसला होता; प्रवेश पक्का नाही, पैसा नाही. संध्याकाळी कोन्बिनीत बाइतो करायचा, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अर्धवेळ नोकरी. सकाळी बसमध्ये त्यानं हे सगळं एका दमात सांगून टाकलं होतं आणि वर म्हणाला होता, “मला ही जागा हवीच आहे, ताई. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.”

“मलाही,” नंदिनी म्हणाली होती.

त्यानंतर दोघांनी तिनं आणलेले ठेपले खाल्ले होते. बाकीचे दोघे उमेदवार जपानी होते, नुकतेच पदवीधर झालेले, शांत आणि सभ्य. पण चुरस कोणाशी आहे हे नंदिनीला तुकड्यात पाऊल टाकताच कळलं होतं. हा मुलगा झाडाला हात लावण्याआधी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत होता.

तिनं उरलेलं फितीचं रीळ त्याच्या हातात दिलं.

मुलाखत पायथ्याच्या लाकडी शेडमध्ये झाली. टेबलाच्या पलीकडे इसोबे-सेन्सेई आणि वन सहकारी संस्थेचे प्रमुख नेमोतो. साठीचे, रुंद खांद्यांचे, मान उन्हानं भाजून कायमची तांबूस झालेली. इसोबे-सेन्सेईंनी मातीबद्दल, पाण्याबद्दल, वादळांबद्दल विचारलं. नंदिनीची उत्तरं सरळ गेली. मग नेमोतोंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“सबनीस-सान, तुमची पदवी होईल तेव्हा तुम्ही शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या. काम नीट हाताला बसायला आणखी चार-पाच वर्षं. म्हणजे काम येईल तेव्हा गुडघे जातील. त्याच खर्चात मला चोवीस वर्षांचा माणूस मिळतो. तो चाळीस वर्षं डोंगर चढेल. तुम्हाला का घ्यावं?”

या प्रश्नाचं उत्तर घरून तयार करून आणलेलं होतं. आर्यानं ते अतिशय नम्र जपानीत लिहून दिलं होतं आणि पाठ करून घेतलं होतं. नंदिनीनं त्याचा पहिला शब्द आठवून पाहिला, आणि सोडून दिला.

“चोवीस वर्षांचे तुमच्याकडे टिकतात का?”

इसोबे-सेन्सेईंचा चहाचा कप ओठांपाशी थांबला.

“काही टिकतात,” नेमोतो म्हणाले.

“किती?”

“प्रश्न आम्ही विचारायचे असतात, सबनीस-सान.” आवाजात राग नव्हता.

“नवऱ्याच्या नोकरीच्या मागं मी या देशात आले,” नंदिनी म्हणाली. “तेरा वर्षं राहिले. एकदाही मध्येच सोडून गेले नाही. स्वतःच्या नोकरीसाठी पाच वर्षं राहणं मला जड नाही.”

शेवटचं वाक्य तिनं “दाप्पे” लावून संपवलं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ते तोंडातून निघून गेलेलं होतं. जपानी ती वर्गात शिकली नव्हती. राईतल्या म्हाताऱ्यांकडून शिकली होती, आणि ते सगळे वाक्याला हे गावरान शेपूट लावत.

“हे जपानी कुठं शिकलात?” नेमोतोंनी विचारलं.

“राईत.”

“शिकवलं कोणी?”

“सगळे ऐंशीच्या आसपासचे आहेत.”

नेमोतो हसले. मोठ्यानं, एकदाच. मग त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला आणि ते म्हणाले, “ठीक आहे. दुपारी झाडापाशी भेटू.”

जेवणाच्या सुट्टीत तिनं शेडच्या मागं जाऊन घरी फोन लावला.

“झालं?” रणजितनं पहिल्याच रिंगला उचलला.

“अर्धं. आता झाड पाडायचंय.”

“माझी बायको चेनसॉ चालवते हे मी ऑफिसात सांगितलं ना, तर कोणाचा विश्वास बसेना. तानाका-सान फोटो मागतोय.”

“त्याला म्हणावं स्वतः ये. हेल्मेट घालून.”

“मुलाखतीत काय विचारलं?”

“वय.”

“मग?”

“मी उलटा प्रश्न विचारला.”

“नंदिनी, मुलाखतीत उलटा प्रश्न कोण विचारतं?”

“मी.”

मागून आर्याचा आवाज आला आणि फोन तिच्या हातात गेला. “आई, मी लिहून दिलेलं बोललीस ना? ते पोलाइट वालं?”

“सुरुवात आठवली होती.”

“आणि दाप्पे म्हणालीस?”

“एकदाच.”

“यादा, मोऽ!” ‘शी, काय हे!’ अशा सुरात आर्या जपानीत किंचाळली. “आई, तू जपानी बोलायला लागलीस की लोक आधी तुझ्या मागं बघतात. म्हातारा कुठं लपलाय म्हणून.”

“त्यांना आवडलं असावं. हसले.”

“हसणं म्हणजे आवडणं नसतं इथं,” सोळा वर्षांची आर्या म्हणाली. तिनं फोन परत बाबांना दिला, आणि देता देता लांबूनच ओरडली, “गाम्बात्ते! जोर लाव!”

रणजितचा आवाज खाली आला होता. “ऐक. पुण्याहून परत मेल आलाय. त्यांना सोमवारी उत्तर हवंय. येतोय की मुदत वाढवून मागतोय.”

“निकाल आजच सांगणार आहेत. नंतर लिही.”

“आणि नाही झालं तर?”

नंदिनीनं वर पाहिलं. उतारावर गुलाबी फिती दिसत होत्या, झाडांच्या कमरेला बांधल्यासारख्या.

“होईल,” ती म्हणाली.

दुपारची पद्धत इसोबे-सेन्सेईंनी समजावून सांगितली. प्रत्येकानं फीत बांधलेल्या झाडांपैकी एक झाड नेमोतो निवडतील. ते तिथल्या तिथं पाडलं जाईल. ज्याच्याकडे चेनसॉचं प्रशिक्षण असेल त्यानं स्वतः पाडायचं, नसेल त्याचं संस्थेचा माणूस पाडेल. मग उमेदवारानं सगळ्यांसमोर खुंट वाचायचा. म्हणजे कापलेल्या तोंडावरची वर्षांची वर्तुळं बघून सांगायचं, की हे झाड काढायचा निर्णय बरोबर होता की नाही, आणि का.

चौघांत प्रशिक्षण घेतलेली नंदिनी एकटीच होती.

सौमित्रचं झाड आधी झालं. संस्थेच्या माणसानं ते पाडलं आणि सौमित्र खुंटाशी उकिडवा बसला. वर्तुळं कडेपर्यंत आवळत गेली होती. शेवटची तर इतकी दाट, की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते नुसत्या डोळ्यांना कळू नये. त्यानं ते नेमक्या शब्दांत सांगितलं. उजेड संपला होता, वाढ थांबली होती, आज ना उद्या उभ्या उभ्या वाळलं असतं. इसोबे-सेन्सेईंनी मान डोलावली. बोलताना तो एकदाही अडखळला नाही. चांगला आहे पोरगा, नंदिनीच्या मनात आलं, आणि तिनं हातमोजे घट्ट केले.

तिच्या तुकड्यात नेमोतो सावकाश फिरले. वाकड्या खोडापाशी थांबले आणि पुढं गेले. राखलेल्या वाकड्या झाडापाशी जरा जास्त थांबले, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि पुढं गेले. ते का राखलं हे त्यांना कळलं आहे, हे तिला दिसलं. मग ते वरच्या कोपऱ्यात गेले. मान मागं टाकून शेंड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्या बारीक झाडाच्या फितीवर तळवा ठेवला.

“हे.”

सोपं झाड होतं. नंदिनीला बरं वाटलं.

नेमोतोंनी खिशातल्या बाटलीतली थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, बुंध्याशी ओतली, सगळ्यांनी हात जोडले. डोंगराला सांगून मग झाड घ्यायचं, ही इथली रीत. तिनं उताराचा अंदाज घेतला, झाड कुठं पडू द्यायचं ते ठरवलं, माणसं मागं गेल्याची खात्री केली आणि मोठ्यानं इशारा दिला. चेनसॉ सुरू झाला. पडायच्या बाजूला आधी तोंडासारखी खाच. खाचेची रेघ सरळ आली. मग मागून काप. पूर्ण आरपार नाही, मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची, दाराच्या बिजागरीसारखी, म्हणजे झाड भरकटत नाही. पाचर ठोकली. झाड कुरकुरलं, शेंडा हलला, आणि ते दोन झाडांच्या मधून, तिनं ठरवलेल्या जागी, कुठंही न अडकता खाली गेलं. वाळलेल्या फांद्यांचा आवाज काही क्षण उरला. मग तोही थांबला.

“सुंदर,” इसोबे-सेन्सेई म्हणाल्या. परीक्षकांनी उमेदवाराला असं म्हणायचं नसतं, हे बहुधा म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

नंदिनीनं हेल्मेटची जाळी वर केली आणि ती खुंटापाशी गुडघे टेकून बसली. अर्ध्या भागावर भुसा पसरलेला होता. उघड्या अर्ध्या भागात मधोमध झाडाच्या लहानपणची मोकळी वर्तुळं होती, आणि मग ती आवळत गेली होती, तिला वाटलं होतं तशीच. तिनं बोटानं कडेचा भुसा जरासा बाजूला केला.

आणि हात थांबला.

सालीकडे जाताना वर्तुळं पुन्हा सैल झाली होती. आधी थोडी, मग अधिक. शेवटची तर तांदळाच्या दाण्याएवढी रुंद होती. झाड मागं राहिलं होतं, हे खरं. पण ते थांबलेलं नव्हतं. गेली काही वर्षं ते या तुकड्यातल्या बहुतेक झाडांपेक्षा जोरात वाढत होतं.

झाड पडल्यावर बाकीचे उमेदवार जवळ आले होते. सौमित्र तिच्या खांद्यामागं उभा होता. त्यानं ते पाहिलं. पाहिल्यावर लगेच नजर दुसरीकडे वळवली.

“ताई,” तो ओठ न हलवता मराठीत पुटपुटला, “मधलं वाचा. मधलं दाट आहे. कडेचा भुसा राहू दे तसाच. कोणी हात लावणार नाही.”

“गप रे.”

“खरं सांगतोय. माझं वाचताना कोणी वाकून बघितलं नाही.”

“म्हणून तर गप म्हणतेय.”

“काय म्हणतोय तो?” नेमोतोंनी विचारलं.

“घाई करू नका म्हणतोय,” नंदिनी जपानीत म्हणाली, आणि हातमोज्यानं सगळा भुसा झाडून टाकला.

मग तिनं खुंट वाचला. मधून सुरुवात करून, बोट बाहेर बाहेर नेत. सुरुवातीला उजेड होता. मग शेजारची झाडं वर गेली, उजेड गेला, बरीच वर्षं हे कसंबसं जगलं. इथपर्यंत मला वाटलं होतं तसंच आहे. पण इथून पुढं, हे बघा, वर्तुळं रुंद होत गेली आहेत. याला पुन्हा उजेड मिळाला होता आणि यानं तो घेतला. “हे झाड राखायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी चुकले.”

डोंगरावर कुठंतरी कावळा ओरडला. जपानी उमेदवारांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं.

“उजेड कुठून मिळाला असेल?” इसोबे-सेन्सेईंनी विचारलं.

नंदिनीनं नेच्यांखालच्या कुजलेल्या खोडाकडे बोट दाखवलं. “हे कुठल्यातरी वादळात पडलं असणार. ते पडलं तेव्हा वर जागा झाली. सकाळपासून मी हे खोड ओलांडतेय.”

“शेंडा पाहिला होता?”

“नाही.”

“का नाही?”

“खात्री होती.”

नेमोतो खुंटाजवळ आले आणि गुडघ्यावर हात दाबून, कण्हत, खाली बसले. पाण्याची बाटली काढून त्यांनी खुंटावर धार धरली. ओल्या लाकडावर वर्तुळं गडद उमटली, काढल्यासारखी. त्यांनी अंगठा मधोमध ठेवला आणि हळूहळू कडेकडे नेला. रुंद वर्तुळांवर तो थांबला.

“राखलं असतं तर?” त्यांनी विचारलं. नंदिनीकडे न बघता.

“पुढच्या विरळणीपर्यंत यानं शेजाऱ्यांना गाठलं असतं.”

“गाठलं नसतं,” नेमोतो म्हणाले. “मागं टाकलं असतं.”

ते उठले. उठायला त्यांना वेळ लागला. नंदिनीनं हात पुढं केला नाही. तसं केलेलं त्यांना आवडलं नसतं, हे तिला राईतल्या म्हाताऱ्यांमुळं माहीत होतं.

“मी बाकीच्या झाडांवरून एकदा फिरून येऊ का?” तिनं विचारलं.

“परीक्षेची वेळ संपली आहे, सबनीस-सान,” इसोबे-सेन्सेई म्हणाल्या. “आता बदललेलं धरता येणार नाही.”

“धरू नका. मला गुण नकोत. पण परवा ही पाडली जाणार आहेत.”

इसोबे-सेन्सेईंनी नेमोतोंकडे पाहिलं. नेमोतोंनी हनुवटीनंच उताराकडे खूण केली.

ती फिरली. या वेळी खोडांकडे तिनं जेमतेम पाहिलं. मान मागं टाकून, एका हातानं हेल्मेट धरून ती झाडामागून झाड शेंडे बघत गेली. जोरात वाढणाऱ्या सुगीचा शेंडा टोकदार असतो, थांबलेल्याचा बोथट. हे तिला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. बोथट. बोथट. बोथट. तिचे बहुतेक निर्णय बरोबर होते, आणि तरी ती एकही झाड न टाळता गेली. तळाशी, दोरीलगतच्या एका झाडापाशी ती थांबली, दोन बाजूंनी पाहिलं, मग तिसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. टोकदार. तिनं गाठ सोडवली. सकाळी गाठ पक्की मारली होती, सुटायला वेळ लागला. ती फीत गुंडाळून तिनं खिशात घातली आणि ती वर आली.

“एक,” ती म्हणाली.

इसोबे-सेन्सेई बाकीच्यांना घेऊन पुढं निघाल्या. सूर्य कड्यामागं जायला लागला होता आणि पायवाटेवर गारवा उतरला होता. नंदिनीनं चेनसॉ खांद्यावर घेतला. संध्याकाळी रणजितला काय सांगायचं ते तिनं ठरवून टाकलं: झाड छान पाडलं, चुकीचं पाडलं. जसं झालं तसं. पुढचं पुढं.

नेमोतो तिच्या मागून येत होते. त्यांच्या मागं सौमित्र, पाचर आणि हातोडा घेऊन. मग वाट जरा रुंद झाली तसे नेमोतो तिच्या बरोबरीला आले.

“सबनीस-सान, गाडी चालवता?”

“चालवते.”

“गिअरची? आमच्याकडचा छोटा ट्रक जुना आहे, ऑटोमॅटिक नाही. आणि आमचा वरचा रस्ता अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.”

“पुण्यात गिअरच्याच गाडीवर शिकले.”

“हिवाळ्यात बर्फही असतो थोडा.”

नंदिनीनं विचार केला. “त्या रस्त्यावर समोरून चुकीच्या बाजूनं कोणी येतं का?”

“चुकीच्या बाजूनं?” नेमोतो गोंधळले. “नाही. असं कसं येईल कोणी?”

“मग जमेल,” ती म्हणाली.

नेमोतोंना त्यात काही गंमत वाटली नाही. मागून येणाऱ्या सौमित्रला मात्र वाटली. तो मोठ्यानं हसला, आणि मग, हातातली पाचर दुसऱ्या हातात घेता घेता, हसायचा थांबला. गाडी चालवतोस का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.